घरच्या रीफ टँकचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं साधारण १०० ते ४०० लिटरच्या घरगुती रीफ टँकसाठी, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी आहेत. टँकमध्ये नुसते मासे असतील, कोरल नसतील, तर यातलं निम्मं वाचलं नाही तरी चालेल. सगळी मापं लिटर आणि ग्रॅममध्ये दिली आहेत, कारण गॅलनमधले परदेशी तक्ते बघून डोस ठरवताना लोक हमखास घोळ घालतात.

कोणकोणते आकडे सांभाळायचे?

खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२६. तापमान २५ ते २७ अंश. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या मुख्यतः बायकार्बोनेटचं माप, ८ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक). कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. पीएच ७.८ ते ८.४ यांच्यामध्ये कुठेही असला तरी झोप उडवून घेऊ नका.

तुलनेसाठी खऱ्या समुद्राचे आकडे बघा. ३५ पीपीटीच्या पाण्यात कॅल्शियम ४१० च्या आसपास, मॅग्नेशियम १२८० ते १३०० आणि अल्कलिनिटी ७ च्या जवळ असते. म्हणजे आपण समुद्रापेक्षा फार वेगळं काही करत नाही, अल्कलिनिटी तेवढी जरा वर ठेवतो, म्हणजे एखाद्या दिवशी डोस चुकला तरी धोक्याच्या खाली जात नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र खऱ्या रीफवर नगण्य असतात. तिथे प्रवाहाबरोबर प्लवक सतत येत राहतं आणि कोरलचं पोट भरतं. आपल्या काचेच्या पेटीत तसं काही येत नाही, म्हणून थोडं नायट्रेट आणि थोडं फॉस्फेट पाण्यात असावंच लागतं.

स्ट्रॉन्शियम, आयोडीन, पोटॅशियम यांच्या बाटल्या दुकानदार आग्रहाने पुढे करतो. नियमित पाणी बदलत असाल तर पहिलं वर्षभर त्या शेल्फवरच राहू द्या.

यातला एकच आकडा बघायचा झाला तर कोणता?

अल्कलिनिटी. बाकीचे आकडे आठवडाभर बघितले नाहीत तरी बहुतेक वेळा निभावतं. अल्कलिनिटीचं तसं नाही.

टणक कोरल आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं. त्यासाठी ते पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एका ठरलेल्या प्रमाणात उचलतं: अल्कलिनिटी १ डीकेएच उतरते तेव्हा कॅल्शियम साधारण ७ पीपीएम उतरतं. आता हिशेब करा. ८ मधून १ गेला म्हणजे अल्कलिनिटीचा आठवा हिस्सा गेला. ४२० मधून ७ गेले तर दोन टक्केसुद्धा नाहीत. अल्कलिनिटी खिशातल्या रोकडीसारखी आहे आणि कॅल्शियम बँकेतल्या ठेवीसारखं. रोजचा खर्च दोन्हीकडून होतो, पण खडखडाट आधी खिशात होतो.

दुसरी गोष्ट, कोरलला आकड्यापेक्षा आकड्यातली उडी जास्त बाधते. वर्षभर ७.५ वर असलेला टँक सुंदर वाढतो, ९.५ वर असलेलाही वाढतो. पण सोमवारी ७.५, बुधवारी ९.५ आणि रविवारी परत ८ असं होत असेल तर ॲक्रोपोरा या नाजूक, फांद्यांच्या टणक कोरलची टोकं पांढरी पडायला वेळ लागत नाही. दिवसाला अर्धा डीकेएचपेक्षा जास्त बदल मुद्दाम करू नका. १ ही शेवटची हद्द.

घरच्या प्यायच्या आरओचं पाणी चालेल का?

बहुतेक ठिकाणी नाही. प्यायच्या आरओमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते. ती गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळते, त्यामुळे बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ५०-१०० च्या आसपास राहतो. प्यायला ते उत्तम. टँकमध्ये मात्र रोज वाफ झालेल्या पाण्याच्या जागी हेच पाणी पडत राहिलं, तर त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट महिनोन्‌महिने साठत जातं. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, बाकी सगळं मागे उरतं.

लागतं ते आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांची नळी. डीआयनंतर टीडीएस मीटरवर ० दिसायला हवा. मीटर २-३ दाखवायला लागला की रेझिन बदलायची वेळ झाली. रंग बदलणारं रेझिन घेतलं तर मीटर शोधत बसावं लागत नाही.

इथे गावागावाचा फरक पडतो. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा या तलावांचं पाणी मिळतं; त्यात क्षार कमी असतात, त्यामुळे डीआय बरेच दिवस टिकतं. तिथे काळजी घ्यायची ती क्लोरीनची. क्लोरीन आरओचा पडदा खातं, म्हणून आधीचा कार्बन फिल्टर वेळेवर बदला. पावसाळ्यात गढूळ पाण्याने सेडिमेंट फिल्टर लवकर तुंबतो. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर असलेल्या सोसायट्यांत टीडीएस सहज ६००-८०० असतो. पडद्याने ९३ टक्के क्षार अडवले तरी ८०० मधले ५०-६० खाली उतरतात आणि डीआय भराभर संपतं. अशा ठिकाणी एकामागे एक दोन डीआय नळ्या लावणं शेवटी स्वस्त पडतं.

आरओचं वाया जाणारं पाणी मोरीत सोडू नका. फरशी पुसायला, गाडी धुवायला चालतं.

मग सरळ समुद्राचंच पाणी आणलं तर?

मुंबईच्या किनाऱ्यावरून तरी नको. सांडपाणी, तेल, गाळ, सगळं त्यात येतं. कोकणात किंवा गोव्यात स्वच्छ ठिकाणी, खाडीच्या मुखापासून लांब, भरतीच्या वेळी होडीतून आत जाऊन आणलेलं पाणी काही जण वापरतात आणि त्यांचे टँक चांगले चालतात. पण जून ते सप्टेंबर किनाऱ्याजवळच्या पाण्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळतं, खारटपणा पडतो आणि गाळ वाढतो. वर्षातले चार महिने ज्याचा भरवसा नाही अशा पाण्यावर टँक कशाला उभा करायचा? पाकिटातलं मीठ महाग वाटतं, पण पाकीट दरवेळी तेच असतं.

मीठ कसं कालवायचं?

आधी डब्यात आरओ-डीआयचं पाणी भरा, त्यात छोटा पंप सोडा, मग मीठ थोडं थोडं घाला. उलटं करू नका. मिठावर पाणी ओतलं की तळाशी काही काळ अतिशय तीव्र द्रावण तयार होतं, त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना पकडून पांढरा साका होऊन बसतात आणि मग तो विरघळत नाही. लिटरला साधारण ३६ ते ४० ग्रॅम मीठ लागतं. नेमकं किती ते ब्रँडवर आणि मिठाने हवेतला ओलावा किती प्यायलाय यावर ठरतं. म्हणून वजनावर भरवसा ठेवू नका, शेवटी मोजाच.

मिठाची अल्कलिनिटीही बघून घ्या. रेड सी कंपनीचं कोरल प्रो मीठ कालवलं की १२ च्या आसपास येते, त्यांचंच निळ्या बादलीतलं मीठ ८ च्या जवळ असतं. टँक ८ वर चालवताय आणि १२ चं पाणी दर आठवड्याला ३० टक्के घालताय, तर प्रत्येक रविवारी कोरलला धक्का बसतो. दर आठवड्याला १० टक्के बदलत असाल तर कुठलंही बरं मीठ चालेल.

रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावला, तरी आकडा चुकतो. असं का?

रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवतो. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर बरेचदा मिठागराच्या किंवा लोणच्याच्या खारवणासाठी, म्हणजे नुसत्या सोडियम क्लोराईडसाठी बनवलेले असतात. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट वगैरे असल्यामुळे प्रकाश वेगळा वळतो. ० ला बरोबर असलेलं यंत्र ३५ ला एक-दीड पीपीटी चुकू शकतं. त्यामुळे ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावरच ते लावा. बाटली मिळत नसेल तर ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडं, आयोडीन नसलेलं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओ-डीआय पाण्यात विरघळवा; रिफ्रॅक्टोमीटरला ते ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्यासारखंच दिसतं. हा उपाय फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी आहे. कंडक्टिव्हिटी मीटरला (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून खारटपणा मोजणाऱ्या) तो चालत नाही. त्याला २५ अंशांवर ५३ मिलिसीमेन्सचं द्रावण लागतं.

पाणी रोज खाली जातं. खारं भरायचं की गोडं?

गोडं. म्हणजे आरओ-डीआय. २०० लिटरच्या टँकमधून दोन दिवसांत ६ लिटर वाफ झाली तर खारटपणा ३५ वरून ३६ च्या वर जातो. ऑटो टॉप-अप (पातळी उतरली की डब्यातलं गोडं पाणी आपोआप सोडणारी सोय) लावा, सुरुवातीच्या खर्चात याला पहिला मान द्या. फक्त त्याचा डबा इतकाच मोठा ठेवा की फ्लोट स्विच अडकून सगळा डबा टँकमध्ये रिकामा झाला तरी मासे जगतील. खारं पाणी भरायचं फक्त स्किमरने (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राने) खारं पाणी बाहेर काढलं असेल किंवा पाणी बदलताना.

अल्कलिनिटीचा रोजचा डोस कसा ठरवायचा?

आधी मोजा, मग ओता. बाटलीवर «१०० लिटरला ५ मिली» असं छापलंय म्हणून तेवढं घालणं म्हणजे माणूस न बघता औषधाचा डोस देणं. तुमच्या टँकमध्ये चार झोआ (मऊ कोरल) आहेत की दहा ॲक्रोपोरा, हे बाटलीला ठाऊक नसतं.

तीन दिवस अल्कलिनिटीचा कुठलाही डोस बंद ठेवा, पाणीही बदलू नका. पहिल्या आणि चौथ्या दिवशी, एकाच वेळेला, एकाच किटने मोजा. समजा २०० लिटरच्या टँकमध्ये सोमवारी रात्री ९ वाजता ८.६ होती आणि गुरुवारी ९ वाजता ७.४. तीन दिवसांत १.२ उतरली, म्हणजे रोजचा खप ०.४ डीकेएच.

आता वजन. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं. २०० लिटरला ६. तुमचा खप ०.४, म्हणजे रोज २.४ ग्रॅम. त्याच्या जोडीला कॅल्शियम: १०० लिटरमध्ये १० पीपीएम वाढवायला ३.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेट. ०.४ डीकेएचच्या जोडीला सुमारे २.९ पीपीएम लागतं, म्हणजे २०० लिटरसाठी रोज २.१ ग्रॅम. इतकंच. दोन्हीची वेगवेगळी द्रावणं करून ठेवायची आणि दोन वेगळ्या वेळी, जोराच्या प्रवाहात सोडायची. दोन्ही एकदम एकाच जागी ओतलीत तर पाणी दुधाळ होईल आणि तुम्ही विकत घेतलेलं कॅल्शियम संपच्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीच्या) तळाशी जाऊन बसेल.

लिटर मोजताना टँकच्या काचेच्या मापावर जाऊ नका. दगड आणि वाळू पाण्याची जागा खातात, संपमध्ये पाणी अर्धंच असतं. २०० लिटरच्या टँकमध्ये प्रत्यक्ष १६०-१७० लिटर निघणं अगदी नेहमीचं आहे. पहिल्यांदा भरताना बादल्या मोजल्या असतील तर तो आकडा टँकच्या मागे लिहून ठेवा.

दर दोन-तीन आठवड्यांनी खप पुन्हा मोजा. कोरल वाढलं की भूकही वाढते. खप अचानक कमी झाला तर ती आनंदाची बातमी नसते. बहुधा कुठलं तरी कोरल वाढायचं थांबलंय.

स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा चालतो का? बेकिंग पावडर?

शुद्ध खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच, तो चालतो. पाकिटावर घटक वाचा, त्यात दुसरं काही असता कामा नये. बेकिंग पावडर अजिबात नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं. काही प्रकारांत फॉस्फेटही.

पीएच कमी राहत असेल तर सोडा ओव्हनमध्ये १५०-२०० अंशांवर तासभर पसरून भाजा. त्यातला कार्बन डायऑक्साईड आणि पाणी उडून जातं, उरतं सोडियम कार्बोनेट. १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम होतात आणि ते ६३ ग्रॅम अल्कलिनिटी तेवढीच वाढवतात, वर पीएचही उचलतात. भाजताना वजन करून बघा. ६३ वर आलं नसेल तर अजून भाजायला हवं.

चुन्याची निवळी वापरतात असं ऐकलं. हे जुनं झालं का?

जुनं आहे आणि अजूनही उत्तम आहे. कॅल्शियम हायड्रॉक्साईड पाण्यात ढवळून, साका खाली बसू देऊन वरचं स्वच्छ पाणी वापरायचं. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही कोरलला लागतात त्याच प्रमाणात मिळतात, मीठ साठत नाही, पीएच वाढतो आणि खर्च नाममात्र. लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो, त्याहून जास्त घातला तरी तो तळाशीच राहणार. गंमत म्हणजे पाणी जितकं गरम तितका चुना कमी विरघळतो.

मर्यादा एकच: रोज जेवढं पाणी वाफ होतं तेवढीच निवळी घालता येते. २०० लिटरच्या टँकमध्ये २ लिटर पूर्ण तीव्रतेची निवळी गेली तर अल्कलिनिटी सुमारे १.१ डीकेएच वाढते. वरच्या उदाहरणातल्या ०.४ च्या खपाला ७०० मिली पुरते. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून ती थेंब थेंब जायला हवी आणि शक्यतो रात्री, जेव्हा टँकचा पीएच उतरलेला असतो. डबा झाकलेला ठेवा. शाळेत फुंकर घालून निवळी दुधाळ केली होती ना, तेच उघड्या डब्यात हवेतल्या कार्बन डायऑक्साईडने होतं आणि ताकद जाते.

पानाचा चुना नको, चुनकळी तर मुळीच नको. प्रयोगशाळेच्या दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साईड घ्या. हातमोजे घाला, पावडर नाकात जाऊ देऊ नका.

आणि निवळी ऑटो टॉप-अपच्या पंपाला थेट जोडणार असाल तर फ्लोट अडकल्यावर काय होईल याचा आधी विचार करा. डोसिंग पंपाने ठरावीक मिली सोडणं जास्त सुरक्षित.

कितीही घातलं तरी कॅल्शियम वाढत नाही, अल्कलिनिटीही पडते, हीटरवर पांढरा थर जमतो.

मॅग्नेशियम मोजा. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट खरं तर इतकं असतं की ते आपोआप साकळायला हवं. मॅग्नेशियम तयार होणाऱ्या स्फटिकांवर चिकटून त्यांची वाढ अडवतं. ते ११०० च्या खाली गेलं की अडवणारा हात सैल पडतो आणि तुम्ही घातलेला डोस हीटरवर आणि पंपाच्या पंख्यावर जमायला लागतो.

१०० लिटरमध्ये १० पीपीएम वाढवायला ८.४ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराईड हेक्झाहायड्रेट. १०० पीपीएम वाढवायचं असेल तर दोन-तीन दिवसांत विभागा. मॅग्नेशियमचा खप फार हळू असतो, महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे.

मॅग्नेशियम ठीक असूनही थर जमत असेल तर बघा की अल्कलिनिटी ११-१२ वर तर नाही ना, किंवा डोस हीटरच्या शेजारीच तर पडत नाही ना.

पीएच रात्री ७.७ पर्यंत उतरतो. पीएच वाढवायची बाटली घेऊ का?

नको. त्या बाटलीत बहुतेक कार्बोनेटच असतं. पीएच दोन तासांत परत खाली येतो आणि अल्कलिनिटी मात्र वर चढून बसते. मग दुसऱ्या दिवशी परत बाटली.

अल्कलिनिटी बरोबर असताना पीएच कमी असेल तर कारण जवळजवळ नेहमी खोलीतला कार्बन डायऑक्साईड असतं. दारं-खिडक्या लावून एसीत चार माणसं झोपली की तो बाहेरच्या हवेच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि पाण्यात विरघळतो. खात्री करायला टँकचं पेलाभर पाणी घ्या, पीएच मोजा, मग ते गॅलरीत ठेवून एअर स्टोनने तासभर हवा सोडा आणि पुन्हा मोजा. पीएच चढला तर दोष खोलीतल्या हवेचा. खिडकी थोडी उघडी ठेवा, किंवा स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा. ही नळी बाहेर काढणं हा या सगळ्या पानावरचा सगळ्यात स्वस्त उपाय असावा. फक्त सोसायटीत डासांचा धूर मारणारे येणार असतील त्या दिवशी ती आत घ्या. ते कीटकनाशक झिंगे आणि मासे दोघांनाही घातक असतं. घरात स्प्रे मारतानाही तेच.

संपमध्ये शेवाळाचा कप्पा असेल तर त्याचा दिवा रात्री लावा. मुख्य टँक अंधारात असताना शेवाळ कार्बन डायऑक्साईड ओढत राहतं.

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य आणलं. तरी काचेवर तपकिरी बुळबुळीत थर का?

शून्य आणलं म्हणूनच. तपकिरी, शेंबडासारख्या तारा, त्यात अडकलेले बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारी जास्त: हे बहुधा डायनोफ्लॅजेलेट. पाण्यात काहीच उरलं नाही की त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे सूक्ष्मजीव मागे पडतात आणि मैदान यांना मोकळं मिळतं. फॉस्फेट शोषणारं माध्यम काढा, स्किमर थोडा मंद करा, खाणं वाढवा. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास येऊ द्या. कोरलही फिकट पडलं असेल तर त्याचाही रंग परत येतो.

उलट बाजूला फॉस्फेट ०.३ वर गेलं असेल तर एका दिवसात खाली खेचू नका. दगडांनी फॉस्फेट शोषून ठेवलेलं असतं. पाण्यातलं काढलं की दगड परत सोडतात. महिनाभर हळूहळू उतरवा. गोठवलेलं खाणं गाळणीत वितळवून त्याचं पाणी ओतून द्या.

हान्ना कंपनीचा फॉस्फरस चेकर (मोजायचं छोटं यंत्र) वापरत असाल तर लक्षात ठेवा, आकडा फॉस्फरसचा आणि पीपीबीमध्ये (पीपीएमच्या हजाराव्या हिश्श्यात) असतो. फॉस्फेटसाठी ३.०६६ ने गुणा. स्क्रीनवर २० दिसलं तर फॉस्फेट ०.०६ पीपीएम.

नवीन टँकमध्ये कोरल कधी घालायचं?

अमोनिया आणि नायट्राईट शून्य झाल्यावर मऊ कोरल. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मासा मारून सायकल करायची, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू वाढवायची जुनी पद्धत सोडा. १०० लिटरला ०.६ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराईड घातलं की अमोनिया सुमारे २ पीपीएम होतो आणि जीवाणू कामाला लागतात. भांड्यांना कल्हई करायला मिळतो तो नवसागर घेऊ नका, त्यात काय काय मिसळलंय सांगता येत नाही. ॲक्रोपोरासारखी नाजूक टणक कोरल सहा महिन्यांनंतर, तेही तोवर अल्कलिनिटी हलली नसेल तरच.

किट कोणतं घ्यावं?

सॅलिफर्ट, रेड सी, हान्ना, यांतलं जे नियमित मिळेल ते. एकच धरून ठेवा. दोन किटांत ०.५ डीकेएचचा फरक निघतो आणि लोक तो फरक भरून काढायला डोस बदलतात, मग खरा गोंधळ सुरू होतो. रंग बदलणाऱ्या किटमध्ये शेवटचे थेंब एकेक करून, हलवून टाका. निळ्यावरून गुलाबी-केशरी होताना मधली एक धूसर छटा येते, तिथे थांबायचं नाही, रंग पक्का झाला की थांबायचं. सिरिंजच्या टोकाला थेंब लटकत असेल तर तोही मोजलेला असतो. चेकरची बाटली सुती फडक्याने पुसा, बोटाचा ठसासुद्धा आकडा बदलतो. एक्स्पायरी बघून घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुकानाच्या वरच्या फळीवर किट किती दिवस तापलंय कोण जाणे.

आकडे वहीत तारखेसकट लिहा. ॲपमध्ये लिहिलं तरी चालेल, पण लिहा.

एप्रिल-मे कसा काढायचा?

पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा मारला की काम होतं. २०० लिटर पाण्यातून १ लिटर वाफ होताना तत्त्वतः तीन अंशांची उष्णता निघून जाते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वाफच कमी होते, पंखा एक-दोन अंशांवर थकतो. तिथे चिलर किंवा खोलीचा एसी याला पर्याय नाही. पंखा लावलात तर वाफ वाढणार, म्हणजे टॉप-अपचा डबा दुप्पट भरा. पाणी ३० अंशांच्या वर दिवसेंदिवस राहिलं तर कोरल आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकून पांढरं पडतं; उन्हाळ्यात समुद्रात होतं तेच.

वीज गेली तर तापमानाआधी ऑक्सिजन संपतो. इन्व्हर्टरवर चिलर टाकू नका, फक्त एक प्रवाहाचा पंप टाका.

पावसाळ्यात रसायनं पाणी धरतात. फेकून द्यायची का?

कॅल्शियम क्लोराईड उघडं राहिलं तर ओलावा ओढून अक्षरशः पाण्यात बसलेलं दिसतं. ते खराब झालेलं नसतं, पण मग ग्रॅमचा हिशेब खोटा ठरतो. म्हणून पाकीट आणलं की त्याच दिवशी सगळ्याचं ठरावीक द्रावण करून बाटलीत भरा. मिठाची बादली घट्ट बंद ठेवा. एकदा गठ्ठे झाले की कालवताना पूर्ण विरघळत नाहीत.

डोसिंग पंप बिघडला, अल्कलिनिटी १३ झाली. आता?

डोस बंद करा आणि हात मागे घ्या. आम्ल घालू नका. मोठं पाणी बदलू नका. कोरल स्वतःच रोज थोडी थोडी खाली आणतं. घाई वाटत असेल तर कमी अल्कलिनिटीच्या मिठाने १० टक्के पाणी बदला. अल्कलिनिटी चढलेली आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्य, ही जोडी टोकं जाळते. म्हणून या काळात खाणं थोडं जास्तच द्या. ८ ला पोचल्यावर नेहमीचा डोस सुरू करा, त्याआधी नाही.

प्रयोगशाळेची आयसीपी तपासणी करावी का?

आयसीपी म्हणजे पाण्यातली बरीच मूलद्रव्यं एकदम मोजणारी तपासणी. वर्षातून एकदा, किंवा कारण सापडत नसेल तेव्हा. तांबं शोधायला ती उपयोगी आहे. एखादा पितळी जोड पाण्यात राहिला असेल तर झिंगे आणि गोगलगायी आधी जातात. अल्कलिनिटीसाठी आयसीपीवर अवलंबून राहू नका, नमुना पोचेपर्यंत ती बदललेली असते.

मालवणला स्नॉर्कलिंग करताना दिसलेलं कोरल आणता येईल का?

नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली प्रवाळभित्ती बांधणारी सगळी टणक कोरल २००१ पासून संरक्षित आहेत. समुद्रपंखे, काळी प्रवाळं आणि अग्निप्रवाळही. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा उचलून आणणंही अंगाशी येऊ शकतं. मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरची आंग्रिया बँक ही पाण्याखालची प्रवाळभित्ती, ही ठिकाणं तिथेच बघायची. आयात केलेल्या टणक कोरललाही साइट्सच्या (संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ ची कागदपत्रं लागतात. विक्रेता ती दाखवायला टाळाटाळ करत असेल तर दुसरा शोधा.

गणपतीला आठवडाभर गावी जायचंय. टँकचं काय?

निघायच्या दोन दिवस आधी काहीही बदलू नका: नवा डोस नाही, नवं कोरल नाही, मोठी साफसफाई नाही. जायच्या आदल्या दिवशी अल्कलिनिटी मोजून घ्या. टॉप-अपचा डबा काठोकाठ भरा. डोसिंग पंपाच्या बाटल्यांत दहा दिवसांचंच द्रावण ठेवा, जास्त नको, म्हणजे पंप अडकून चालू राहिला तरी नुकसान मर्यादित राहील. पंप नसेल आणि टँकमध्ये मऊ कोरलच असेल तर आठवडाभर डोस न देता चालतं. परत आल्यावर भरपाई एकदम करू नका, रोज अर्धा डीकेएच.

शेजारच्या काकूंना किल्ली द्याल तेव्हा खाण्याचा डबा देऊ नका. एकेका दिवसाच्या पुड्या बांधून, तारखा घालून द्या, उरलेला डबा कपाटात ठेवा. प्रेमाने घातलेलं जास्तीचं खाणं आठवड्यात फॉस्फेट कुठल्या कुठे नेतं. त्यांना फक्त तीन गोष्टी सांगा: पंप चालू आहे का, पाण्याची पातळी खुणेवर आहे का, थर्मामीटरवर २९ च्या वर काही दिसलं तर फोन. डोसच्या बाटल्यांना हात लावायचा नाही, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून बाटल्यांवरच चिकटवा.